वेळोवेळी समज देण्यात आली होती

हे वाक्य माझं आहे. एका छापील फॉर्मवर 'प्रशिक्षकाचा अभिप्राय' नावाचा रकाना होता, त्यात मी ते माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. पूर्ण वाक्य असं होतं : 'काडी पेटवून गॅसगळती तपासण्याच्या सवयीबाबत उमेदवारास वेळोवेळी समज देण्यात आली होती.' ते खोटं आहे. अशी समज मी त्याला एकदाही दिली नव्हती. काडी पेटवून गळती कशी शोधायची, हे त्याला मीच शिकवलं होतं.

इथंच थांबलो तरी चाललं असतं. पण एवढ्यावरून त्या माणसाचं काय गेलं ते कळत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

परळीच्या एका गॅस एजन्सीत मी तीसेक वर्षं मेकॅनिक होतो. शेगडी दुरुस्त करायची, नळी बदलायची, सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग खराब झाली की नवी बसवायची. आमच्या गावात बर्नर साफ करायचं काम बारमाही. औष्णिक वीज केंद्राची राख उडून कुठं कुठं जाऊन बसते ते परळीच्या बायकांना विचारावं. बर्नरची भोकं बुजतात, ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि एजन्सीचा फोन वाजतो.

तो आमच्याकडे आला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. धर्मापुरीच्या अलीकडच्या एका खेड्यातला, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. वाटणीत मेंढ्या थोरल्या भावाकडे गेल्या आणि हा गाडीवर सिलिंडर उचलायला लागला. त्याला मेकॅनिक मी केलं. कारण त्याचं नाक. एका घरी गळतीची तक्रार होती. मी नळी सोडून बघत होतो, हा सिलिंडर खाली ठेवून उंबऱ्यात उभा. तिथूनच म्हणाला, "नळी न्हाई मास्तर. डावीकडचा नॉब हाय." नॉबच निघाला. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, "कळपात एक मेंढरू आजारी पडलं तर वासावरनं कळतंय. ह्ये तर सोपं हाय."

तेव्हापासून तो माझ्याबरोबर फिरू लागला. वर्षभरात त्याचा हात माझ्यापेक्षा हलका झाला.

आता काडीची गोष्ट. नियम असा की गळती तपासायची तर साबणाचं पाणी करून सांध्यावर लावायचं. गॅस निसटत असेल तर बुडबुडा येतो. पण आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. साबण घासून घासून झिजतो, फेस येत नाही, पाण्यावर नुसती फाटल्या दुधासारखी साय तरंगते. गळती मोठी असेल तर त्यातही कळते. बारीक असेल तर काही दिसत नाही आणि मेकॅनिक 'सगळं ठीक आहे' म्हणून निघून जातो. म्हणून आमच्यातले जुने लोक काडी पेटवायचे. दारं-खिडक्या उघडायच्या, थोडं थांबायचं, आणि सांध्याजवळ काडी न्यायची. गळती असली तर गव्हाच्या दाण्याएवढी निळी ज्योत धरते. लगेच ओल्या अंगठ्यानं दाबून विझवायची. माझ्या उस्तादानं मला असंच शिकवलं होतं.

यावर एक साधा उपाय होता. घरून नळाच्या गोड्या पाण्याची एक बाटली बरोबर न्यायची. बाकी काही नाही. ती बाटली मी तीस वर्षांत एकदाही पिशवीत टाकली नाही.

मी पहिल्यांदा काडी त्याच्या हातात दिली तेव्हा तो मागं सरला. "मास्तर, मला ह्ये बरं दिसत न्हाई. गॅस हाय ह्यो."

घरातली माणसं बघत होती. मी हसून म्हणालो, "लांडग्याला भिला न्हाईस, आन् काडीला भितो का बे?"

सगळे हसले. तोही हसला, आणि त्यानं काडी ओढली. त्यानंतर मला त्याला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

पुढं काही वर्षांनी नियम आला. प्रमाणपत्र नसलेल्या मेकॅनिकनं लोकांच्या घरी जायचं नाही. आधी लेखी परीक्षा, ती पास झाली तर प्रात्यक्षिक. मी सगळ्यांत जुना, म्हणून मालकानं मला चार दिवसांच्या वर्गाला पाठवलं आणि मी प्रशिक्षकाचं कार्ड गळ्यात घालून परत आलो. मग गोदामाच्या पुढच्या पडवीत मी माझ्याच माणसांना शिकवायला लागलो. सकाळी फळ्यावर साबणाचं पाणी, दुपारी कामावर काडी. यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं. फळ्यावरचं परीक्षेसाठी, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या लेखीला तो नापास झाला. सातवीपर्यंत शिकलेला, वाचायचा पण बोट ठेवून. आणि पेपरातली मराठी आमच्यापैकी कुणी कधी ऐकली नव्हती. रेग्युलेटरला 'दाब नियामक', बर्नरला 'ज्वालक', व्हॉल्व्हला 'झडप'. 'दाब नियामकातील पटल फाटल्यास प्रथम कोणती कृती कराल?' ज्यानं हजार घरांत रेग्युलेटर बदलले असतील तो माणूस या प्रश्नापुढं अर्धा तास बसून राहिला. बाहेर येऊन मला म्हणाला, "मास्तर, ही कुन्या गावची शेगडी हाय?"

दुसऱ्या वेळी परीक्षा कॉम्प्युटरवर होती. त्याच्या हातात माऊस पहिल्यांदाच आला. चुकून कुठं दाबलं तर पुढचा प्रश्न यायचा आणि मागं कसं जायचं ते विचारायची त्याला लाज वाटली. तोपर्यंत बाकीचे पास झाले होते. ते त्याला चिडवायचे.

"काय बे, तू घरी ऱ्हा. नुसतं नाक पाठव परीक्षेला."

"नाकाला अंगठा लावता येत न्हाई म्हून गेलतो मी," तो म्हणायचा. पण जेवायला आता लांब बसायचा.

मालकानं सांगून टाकलं की आता शेवटची संधी, नाहीतर पुन्हा गाडीवर. तिसऱ्या वेळी मी त्याच्याकडून महिनाभर शब्द पाठ करून घेतले. तो लेखी पास झाला. त्या दिवशी गोदामात पेढे वाटताना त्यानं आधी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि वाकून पायाला हात लावला.

प्रात्यक्षिक बीडला होतं, एका संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. परीक्षक बाहेरगावचे, हळू बोलणारे, सगळ्यांना 'अहो-जाहो' करणारे. तीन कामं होती : नळी बदलणं, गळती शोधणं, शेगडी सुरू करून ज्योत नीट करणं. मला प्रशिक्षक म्हणून भिंतीशी खुर्ची दिली होती.

नळी त्यानं बाकीच्यांच्या निम्म्या वेळात बदलली. गळतीच्या टेबलाशी जाताच त्यानं एकदा श्वास घेतला आणि सांध्याकडं बोट केलं. परीक्षक म्हणाले, "वासावर नाही. तपासून दाखवा." त्यानं ब्रशनं साबणाचं पाणी लावलं. तिथलं पाणी चांगलं होतं, फेस छान आला. सांध्यावर ज्वारीएवढा बुडबुडा धरला, फुगला, फुटला, दुसरा आला. काम झालं होतं. परीक्षकांनी कागदावर खूणसुद्धा केली.

तो मात्र बुडबुड्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत फेसावर त्यानं कधी विश्वास ठेवला नव्हता. मी ठेवू दिला नव्हता. त्यानं वळून खिडकी उघडली, थोडा थांबला, खिशातून काडेपेटी काढली आणि मला कळेपर्यंत काडी सांध्याला नेली. बारीक निळी ज्योत धरली. त्यानं अंगठ्यानं ती दाबली आणि परीक्षकांकडं बघून म्हणाला, "ही बघा साहेब. पक्की खात्री."

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट आठवतं. त्याला वाटत होतं, आपण इतरांपेक्षा एक पाऊल पुढं जाऊन दाखवलं.

परीक्षकांनी सिलिंडर बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि आम्हा दोघांना आत ठेवलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तो माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. त्यानं बघितलं नाही. "कुनी न्हाई साहेब. माझ्याच मनानं."

मग त्याला बाहेर पाठवून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यांना असं करताना पाहिलं होतं?"

"सांगितलं होतं साहेब," मी म्हणालो. "ऐकत नाही."

हे माझ्या तोंडून एका दमात निघालं. परीक्षकांनी तो फॉर्म माझ्यापुढं सरकवला आणि शांतपणे समजावून सांगितलं. शिकवण्यात कमी राहिली असेल तर तसं लिहा, उमेदवाराला पुन्हा प्रशिक्षण मिळेल, पुन्हा परीक्षेला बसता येईल. मात्र तुमच्या कार्डाची चौकशी होईल. समज देऊनही हा ऐकत नसेल तर तसं लिहा, मग त्याला पुन्हा बसू देता येणार नाही. मला विचार करायला त्यांनी वेळ दिला. त्यामुळं घाईत झालं असंही मला म्हणता येत नाही. मी वाक्य लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर होतो. केज मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "काय लिवलं मास्तर?"

"लिहिलंय काहीतरी. बघू."

"तुमी लिवलंय म्हंजी हुईल," तो म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

दीड-दोन महिन्यांनी परीक्षेच्या कार्यालयाचं पत्र आलं. मालकानं ते गोदामात सगळ्यांसमोर वाचलं. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं, पिशवीतून पाने, पकड आणि बर्नर साफ करायची पिन काढून टेबलावर ठेवली आणि गाडी भरायला गेला.

त्या दिवाळीला त्याची बायको आमच्या घरी आली. पत्र तिला पुतण्यानं वाचून दाखवलं होतं. तिनं घरी विणलेली एक घोंगडी आणली होती. माझ्या बायकोला म्हणाली, "मास्तर एवढं सांगत हुते, ह्येनंच ऐकलं न्हाई. त्यांचा काय दोस. त्यांनी मानूस केलतं ह्याला." मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर आलो नाही. घोंगडी बायकोनं ठेवून घेतली आणि त्या थंडीत मी ती पांघरलीही.

पुढं त्याची कंबर गेली आणि गाडीवरचं काम सुटलं. खेड्यात शेगड्या दुरुस्त करून पोट भरलं असतं, पण पत्राची गोष्ट गावभर झाली होती. गॅसला काडी लावणारा म्हणून लोक त्याला घरात घेईनात. तीच काडी परळीत मी शेकडो घरांत लावली असेल. मला लोक चहा विचारायचे. तो कुठंतरी निघून गेला असं ऐकलं. मी चौकशी केली नाही. नंतर मी काम सोडलं तेव्हा मालकानं शाल-नारळ दिला आणि भाषणात म्हणाला, काकांच्या हाताखाली एकही अपघात झाला नाही.

गेल्या वर्षी डोळे दाखवायला बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याला गाडी बिघडली आणि आम्हाला उतरवलं. समोरच्या धाब्यावर पाणी प्यायला गेलो, तर भट्टीमागून आवाज आला, "मास्तर, बसा की."

डोकं पांढरं झालं होतं. तो तिथंच राहायचा. मोठ्या शेगड्या, सिलिंडर सगळं त्याच्याकडं. पंधरा दिवसांतून एकदा गावी जायचा. भट्टीशेजारी खिळ्याला एक बाटली टांगलेली होती. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "साबनाचं पानी हाय. टँकरचं घेतो, फेस येतो चांगला."

मी त्याच्या बायकोची चौकशी केली.

"बरी हाय. अजून बोलती मला. मास्तरनं धा बारी सांगितलं, तुज्या डोस्क्यात शिरलं न्हाई म्हनती. पोरांच्या लग्नात बी बोलली."

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"काय?"

"मीच शिकवलं म्हणून."

त्यानं पोळीचा तवा पुसला, ज्योत कमी केली. "मला वाटलं तुमी सांगताल. आज सांगताल, उद्या सांगताल. मग लई दिस झाले. मग मी कावून सांगू? तिला वाटलं असतं, आता नाव घेतंय मास्तरचं."

"आणि त्या दिवशी साहेबापुढं?"

"त्या दिवशी तुमी खुर्चीवर हुता," तो म्हणाला. एवढंच. मला त्याचा पूर्ण अर्थ अजून लागलेला नाही.

डोळे न दाखवता मी परत फिरलो. दोन दिवसांनी त्याच्या गावी गेलो. त्याची बायको अंगणात लोकर पिंजत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, चटई टाकली, म्हणाली, "या मास्तर, लई वर्सांनी." मी बसायच्या आत सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर कदाचित बोललो नसतो. सगळं सांगितलं, लांडग्यावरून केलेली थट्टाही सांगितली.

ती बराच वेळ लोकरीतली काटे-कुसळं वेचत राहिली. मग म्हणाली, "मी त्येला लई बोलले. पोरांच्या देखत बोलले."

तिनं लोकर बाजूला ठेवली.

"दिवाळीला मी आलते, तवा तुमी घरात हुता?"

"होतो. आतल्या खोलीत."

तिनं मान हलवली. "चहा ठेवत न्हाई मास्तर मी. राग धरू नका. मला ठेववत न्हाई." मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "मला सांगून काय हुतंय? जितं लिवलं, तितं जाऊन लिवा."

मी लिहिलं. त्या कार्यालयाला दोन पानी पत्र पाठवलं : वाक्य खोटं, शिकवणारा मी, काय कारवाई करायची ती करा. तेच पत्र मालकाला वाचून दाखवलं. तो आता राजकारणात मोठा झाला आहे. म्हणाला, "काका, कशाला उकरता? कुणी विचारलं का तुम्हाला?" माझ्यावर काहीच कारवाई झाली नाही. माझ्या कार्डाची मुदत केव्हाच संपली होती. तीन-चार महिन्यांनी उत्तर आलं की तो अभिप्राय रद्द करण्यात येत आहे, उमेदवारास परीक्षेस बसता येईल, मात्र नियमाप्रमाणे लेखीपासून.

तो नको म्हणत होता. "वय झालं मास्तर. चष्म्याबिगर अक्षर दिसत न्हाई." पण बायकोनं ऐकलं नाही. गावात ज्यांनी पत्र ऐकलं त्यांच्यासमोर प्रमाणपत्र यायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. मग दर आठवड्याला मी एसटीनं मांजरसुंब्याला जायला लागलो. दुपारी धाब्यावर गर्दी ओसरली की आम्ही मागच्या खाटेवर बसायचो. मी प्रश्न वाचायचो.

"ज्वालक म्हणजे?"

"बर्नर."

"झडप?"

"व्हॉल्व्ह. ह्येच लिवायला काय धाड भरली हुती ह्येंना?"

त्याच्या धाब्यावरचे लोक हसायचे. "मामा, पास झालात तर कलेक्टर हुनार का?" तो म्हणायचा, "न्हाई बे, मास्तर हुनार." आणि माझ्याकडं बघायचा नाही.

अभ्यासक्रम आता बदलला होता. पाईपनं येणाऱ्या गॅसचे प्रश्न, आकडेमोड, आम्ही दोघांनीही न पाहिलेली यंत्रं. मी रात्री घरी नातीकडून समजून घ्यायचो आणि दिवसा त्याला सांगायचो. काही मलाच कळलेलं नसायचं. तेही मी त्याला तसंच सांगितलं; एवढं तरी शिकलो होतो.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर लिंबाखाली बसलो. तो बाहेर आला, चष्मा खिशात ठेवला, म्हणाला, "माऊस जमला ह्या बारीला."

निकाल त्याच्या मुलाच्या फोनवर आला. तो थोडक्या गुणांनी नापास झाला होता. मी दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याला गेलो. काय सांगायचं ते येताना वाटेत जुळवत होतो : पेपर अवघड होता, शिकवणारा म्हातारा होता, दोष माझाच. तो भट्टीपुढं उभा होता. मी सुरुवात केली तर त्यानं हातानं थांबवलं.

"न्हाई मास्तर. ह्या बारीला माझा मी नापास झालो. तुमचं काय न्हाई त्यात."

तो ज्या समाधानानं हे बोलला ते बघवत नव्हतं. एक ट्रक येऊन थांबला, चार माणसं उतरली, आणि तो तवा चढवायला वळला. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा का, हे मी विचारलं नाही. मी थोडा वेळ बसलो आणि परळीची गाडी लागली तशी उठलो.